सोसायटीचा एसटीपी चालवून घ्यायची सर्व्हिस: गंगापूर रोड, नाशिकचा अनुभव

आधी कामाचं सांगतो, बाकीचं नंतर. गंगापूर रोडला आनंदवल्लीच्या पुढे आमची सोसायटी, १९० फ्लॅट, मागच्या बाजूला जमिनीखाली १०० केएलडीचा एमबीबीआर टाइपचा (टाकीत तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यांवर जिवाणू वाढवायची पद्धत) एसटीपी, म्हणजे दिवसाला एक लाख लिटर सांडपाणी साफ करायची ताकद असलेला प्लांट. तो चालवायचं काम सातपूरच्या एका छोट्या एजन्सीला दिलंय त्याला आता वर्ष होत आलं. आजूबाजूच्या सोसायट्यांचे कमिटीवाले सारखे विचारतात की कशी आहे सर्व्हिस, परवडते का, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. एजन्सीचं नाव टाकत नाही कारण मग ही जाहिरात वाटेल, आणि आधीच्या ठेकेदाराचं नावही टाकणार नाही. अशी सर्व्हिस देणारे शहरात बरेच आहेत, तुम्ही कोणालाही द्या, पण देताना काय बघायचं ते मात्र माहीत पाहिजे.

माझं मत विचाराल तर ही सर्व्हिस घेण्यासारखी आहे, पैसे वसूल आहेत, दोन गोष्टी खटकतात त्या शेवटी लिहितो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बाहेर पडणारं पाणी काचेसारखं दिसतं का यावर ठेकेदाराला पैसे देऊ नका, टाकीत हवा सोडणारा ब्लोअर रात्री चालतो का यावर द्या.

हे का म्हणतोय ते सांगतो. आधीच्या ठेकेदाराच्या वेळी पाणी छान दिसायचं. वाळूचा फिल्टर, कार्बन फिल्टर, दोन्ही व्यवस्थित, बाटलीत भरून दाखवलं की मीटिंगमध्ये सगळे खुश. पण तेच पाणी बागेला मारलं की संध्याकाळी लहान मुलं खेळतात तिथे गटाराचा वास यायचा, फ्लशच्या टाकीतही काळपट थर धरायचा. विचारलं की उत्तर ठरलेलं, केमिकलचा डोस वाढवतो. आमच्याकडे एक काका आहेत, वीज मंडळातून रिटायर झालेले, त्यांनी शांतपणे वॉचमनला सांगितलं की एसटीपीच्या सबमीटरचं रीडिंग रात्री दहाला घे आणि सकाळी सहाला घे. झालं, सगळं तिथेच उघडं पडलं. रात्री मीटर जवळपास हलतच नव्हता आणि लॉगबुकात मात्र ब्लोअर चोवीस तास चालू.

आता हिशोब बघा. साडेसात एचपीचा ब्लोअर म्हणजे तासाला साधारण साडेपाच युनिट. आठ तास बंद ठेवला की रात्रीला ४५ युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरले तर साडेचारशे रुपये, महिन्याला साडेतेरा हजार. करारात लाइट बिल ठेकेदाराच्या अंगावर होतं त्यामुळे ते साडेतेरा हजार सरळ त्याच्या खिशात. सोसायटीच्या हिशोबाने हे फ्लॅटमागे महिन्याला ७० रुपये होतात हो, इतक्यासाठी पूर्ण प्लांट मारून टाकला होता.

मारून टाकला हा शब्द उगाच वापरत नाहीये. एसटीपीत पाणी साफ करतात ते जिवाणू, मशीन फक्त त्यांना हवा देते. त्या टाकीत प्लास्टिकच्या चकत्या तरंगत असतात, त्याला मीडिया म्हणतात, त्यावर जिवाणूंचा थर बसतो. त्यातले घाण खाणारे जिवाणू तसे दणकट, थोडी हवा कमी झाली तरी सावरतात. पण अमोनियाचं नायट्रेट करणारे जे आहेत ते फार नाजूक आणि वाढायला फार संथ, आणि त्यांना हवाही भरपूर लागते, एक ग्रॅम अमोनिया नायट्रोजनला साडेचार ग्रॅमच्या वर ऑक्सिजन. रोज रात्री आठ तास हवा तोडली की हे टिकतच नाहीत, आणि खाली बसलेला गाळ सडायला लागतो, तोच तो अंड्यासारखा वास. पाणी वरून फिल्टरने स्वच्छ दिसतं पण अमोनिया विरघळलेला असतो, तो वाळूत अडकत नाही आणि डोळ्याला दिसत नाही.

इथून पुढची साखळी बऱ्याच जणांना माहीत नसते म्हणून जरा सविस्तर लिहितो. शेवटी आपण हायपो टाकतो, म्हणजे क्लोरीन, जंतू मारायला. पाण्यात अमोनिया असेल तर क्लोरीन आधी त्यालाच जाऊन चिकटतं, त्याचं क्लोरामाइन होतं आणि त्याची जंतू मारायची ताकद साध्या क्लोरीनपेक्षा खूपच कमी. म्हणजे ठेकेदार हायपोचे कॅन दाखवतोय, बिलं लावतोय आणि जंतू मजेत पलीकडे चाललेत. कच्च्या सांडपाण्यात १०० मिलीलिटरमागे विष्ठेतले कोलिफॉर्म जंतू दहा लाखांपासून काही कोटींपर्यंत असतात. कोणी ९९ टक्के जंतू मारले म्हणून सांगितलं तर ऐकायला भारी वाटतं पण एक कोटीतले ९९ टक्के गेले तरी एक लाख उरतात. आंघोळीच्या नदीपात्रासाठी आपल्याकडे ५०० च्या आत असावेत अशी अपेक्षा आहे, जास्तीत जास्त २,५००. आणि आमच्या इथला नाला गोदावरीला मिळतो तो रामकुंडाच्या वरच्या अंगाला. बागेला लागून उरलेलं पाणी त्याच नाल्यात जातं. हे एकदा डोक्यात आलं की मला तरी झोप येईना.

तर नवीन एजन्सी. पहिल्या दिवशी त्यांचा इंजिनीअर आला, त्याने बाटलीतलं पाणी बघितलंच नाही, सरळ एरेशन टँकचं, म्हणजे जिथे हवा सोडतात त्या टाकीचं झाकण काढायला सांगितलं आणि आत बुडबुडे कुठे येतात कुठे नाहीत ते बघत बसला. एका कोपऱ्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडणारे डिफ्युझर फाटलेले, तिथून मोठे मोठे फुगे, बाकी अर्धी टाकी मेलेली. ते सगळे बदलून घेतले, तो खर्च आमचा. मग त्यांच्याच दुसऱ्या चालू प्लांटमधला गाळ टँकरने आणून टाकीत सोडला, अगदी दुधाला विरजण लावतात तसंच, आणि वर थोडे दिवस शेणाचं पाणी आणि गूळ. काही मेंबरना हे ऐकून हसू आलं पण हे असंच करतात, जिवाणूंना सुरुवातीला खाणं लागतं. घाण खाणारा थर लवकर धरला. अमोनिया उतरायला मात्र बरेच आठवडे लागले आणि इंजिनीअरने हे आधीच सांगून ठेवलं होतं, मला ते आवडलं, उगाच पंधरा दिवसात करून देतो वगैरे बोलला नाही.

ऑपरेटर दोन शिफ्टला दोन. दिवसाचा मुलगा पेठ तालुक्यातला, आयटीआय झालेला, सगळे त्याला दादाच म्हणतात, वयाने लहान असला तरी. सकाळी आल्या आल्या जाळीत अडकलेला कचरा काढतो (आणि मंडळी, काय काय निघतं विचारू नका, ओले टिश्यू, सॅनिटरी पॅड, कानातल्या काड्या, हे संडासात टाकायचं नसतं हो), मग एक लिटरच्या काचेच्या सिलिंडरमध्ये एरेशन टँकचं पाणी भरून अर्धा तास ठेवतो आणि गाळ किती खाली बसला, वरचं पाणी गढूळ आहे का ते बघून फोटो ग्रुपवर टाकतो, सोबत सबमीटरचं रीडिंग. फोटोवर वेळ असते. एवढ्या साध्या गोष्टीने अख्खी सर्व्हिस पारदर्शक होते. लाइट बिल आता सोसायटी भरते, त्यामुळे ब्लोअर बंद ठेवून कोणाला काही मिळत नाही. तुम्ही दुसरं काही नाही केलं तरी करारातलं हे एवढं कलम नक्की बदला.

अमोनिया आम्ही स्वतःही बघतो. माशांच्या टाकीची दुकानं असतात ना, तिथे अमोनिया टेस्टचं किट मिळतं, थेंब टाकायचे, थोडं थांबायचं, पिवळं राहिलं तर चांगलं, जितकं हिरवं तितका अमोनिया. अमोनिया फार असेल तर पाणी नळाच्या पाण्यात पातळ करून घ्यावं लागतं नाहीतर रंग स्केलच्या बाहेर जातो. लॅबची जागा हे किट घेत नाही, कोलिफॉर्मसाठी लॅबच पाहिजे आणि सॅम्पल बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायला पाहिजे, पण रात्री हवा नीट मिळाली का नाही हे हे किट सकाळी लगेच सांगतं. सध्या पिवळंच येतं, थंडीचा काळ सोडून. थंडीत आपल्याकडे निफाडचा पारा किती खाली जातो माहीतच आहे, शहरातही गारठा असतो, आणि अमोनियावाले जिवाणू गारठ्यात मंदावतात. तेव्हा दादाने गाळ काढणं कमी केलं, हवा थोडी वाढवली, तरी थोडा हिरवा रंग येतच राहिला. हे त्यांनी लपवलं नाही, ग्रुपवर टाकलं. दिवाळीतही तसंच, आधी घराघरातून अ‍ॅसिड आणि फिनेल ओतून साफसफाई आणि मग अर्धी सोसायटी गावाला, म्हणजे जिवाणूंना आधी विष आणि मग उपास. एजन्सीने दिवाळीच्या आधी सगळ्यांना साध्या भाषेत मेसेज पाठवला की बाथरूमला अ‍ॅसिड जपून वापरा. लोकांनी बऱ्यापैकी ऐकलं.

आता ज्या मुद्द्यावर आमच्या वार्षिक सभेत खूप वेळ गेला तो. इंजिनीअरने सुचवलं की एरेशन टँकच्या आधी एका भागात हवा बंद ठेवून फक्त पाणी ढवळत ठेवायचं आणि पुढचं पाणी पंपाने तिथे परत फिरवायचं, त्याला अ‍ॅनॉक्सिक टाकी म्हणतात. कारण अमोनियाचं नायट्रेट झालं म्हणजे नायट्रोजन गेला असं नाही, तो फक्त रूप बदलून पाण्यातच असतो. हवा नसलेल्या टाकीत दुसरे जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन काढून घेतात आणि नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो, जो हवेत तसाही असतोच. पंप, ढवळणी, पाइप, थोडं सिव्हिल काम, असा खर्च. एका मेंबरने विचारलं आणि त्याचा प्रश्न रास्तच होता, की अमोनिया गेला, वास गेला, जंतू मेले, मग नायट्रेटने कोणाचं काय बिघडतं? इंजिनीअर म्हणाला नदीचं आणि शेवटी समुद्राचं. त्यावर मागून आवाज आला की समुद्र कुठे आणि नाशिक कुठे.

मला हे वाक्य फार लागलं कारण आपण सगळेच तसा विचार करतो. गोदावरी त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर उगम पावते, १,४६५ किलोमीटर जाते आणि आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. पण समुद्र राहू द्या, आधी वाटेत बघा. आपल्या खाली निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर, २०२० साली महाराष्ट्रातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून जाहीर झालेलं, हिवाळ्यात आपण मुलांना घेऊन पक्षी बघायला जातो तेच. तिथे पाणवेलीचा जो गालिचा होतो त्याला नायट्रोजन आणि फॉस्फरसचंच खत लागतं. त्याच्या खाली जायकवाडी, ज्यातून छत्रपती संभाजीनगर पाणी पितं. म्हणजे आपण ढकललं ते कोणाच्या तरी नळाच्या वरच्या अंगाला ढकललं. खरं बोलायचं तर आमच्या सोसायटीचा नायट्रोजन तसाच्या तसा समुद्रात पोचतो असं कोणी म्हणणार नाही, बराचसा वाटेत धरणात बसतो, झाडं शोषतात, काही हवेत जातो. पण पावसाळ्यात धरणं भरून दरवाजे उघडले की सगळं पुढे निघतं आणि काठावर आमच्यासारखी शहरं कितीतरी आहेत, प्रत्येकाने आपलं थोडंसंच असं म्हटलं तर खाली बेरीज होतेच.

आणि समुद्राला त्या बेरजेचा त्रास काय तर शेवाळ. गोड्या पाण्यात साधारणपणे फॉस्फरस संपला की शेवाळाची वाढ अडते, समुद्राच्या पाण्यात बहुतेक वेळा नायट्रोजन कमी पडतो, म्हणून तिथे नायट्रोजन आणून ओतला की शेवाळ फोफावतं, मग ते मरून तळाला जातं, सडताना तळाचा ऑक्सिजन खातं आणि तळाची मासळी एकतर पळते नाहीतर मरते. बंगालच्या उपसागरात मधल्या खोलीला ऑक्सिजन आधीच फार कमी आहे. शिवाय जंतूंचा भाग वेगळा, किनाऱ्यावरच्या तिसऱ्या, कालवं हे शिंपल्यातले जीव पाणी गाळून खातात, त्यामुळे पाण्यात जे असेल ते त्यांच्या अंगात साठतं आणि आपल्या ताटात येतं. समुद्रात पोहायच्या जागेसाठी कोलिफॉर्मची मर्यादा १०० मिलीलिटरला १०० इतकी कडक आहे.

आणि नाशिकचा संबंध फक्त पूर्वेच्या समुद्राशी नाही हे मी सभेत उठून सांगितलं. त्याच त्र्यंबकच्या डोंगरातून वैतरणा पश्चिमेला जाते. ऊर्ध्व वैतरणा धरण आपल्या जिल्ह्यात आहे, ते पाणी मुंबई पिते, आणि वापरून झालं की वरळी आणि वांद्र्याहून समुद्राच्या तळाखालून नेलेल्या काही किलोमीटर लांब बोगद्यांतून ते अरबी समुद्रात सोडतात. भरती-ओहोटीच्या पाण्यात विरळ होईल या हिशोबाने ते बांधले होते. विरळ होतं हे खरं, पण नायट्रोजन आणि जंतू विरळ होणं म्हणजे ते काढून टाकणं नाही, म्हणून तर मुंबईत आता वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर, भांडुप अशा सात ठिकाणी मिळून दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटरचे नवीन प्लांट बांधायला घेतलेत. सह्याद्रीच्या माथ्यावर आपण बसलोय, पाऊस इकडे पडला काय तिकडे पडला काय, पाणी कुठल्या तरी किनाऱ्यालाच जाणार.

सभेत कोणीतरी म्हणालं की महापालिकेचे प्लांट आहेत की, आपण कशाला. आहेत, तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक, गंगापूर, आणि त्यांच्याशिवाय शहराचं काय झालं असतं विचारही करवत नाही. पण तपोवन आणि टाकळीचे जुने प्लांट यूएएसबी पद्धतीचे, म्हणजे हवा न देता तळातल्या गाळातून पाणी वर चढवायचं. वीज कमी लागते, गॅस मिळतो, त्या काळच्या मानाने शहाणा निर्णय होता. पण त्या पद्धतीत अमोनिया मुळीच जात नाही आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप) एका मर्यादेच्या खाली येत नाही, पुढे हवा देणारी पायरी जोडावीच लागते. २०१७ च्या केंद्राच्या अधिसूचनेत बीओडी मोठ्या शहरांना २० आणि इतरांना ३० होता, २०१९ मध्ये हरित लवादाने तो सगळ्यांना १० करा म्हणून सांगितलं, सोबत एकूण नायट्रोजन १०, फॉस्फरस १ आणि कोलिफॉर्म २३० च्या आत. एवढं मोठं शहर बदलायला पैसा आणि वेळ लागतो. आमचा एक लाख लिटरचा प्लांट बदलायला फक्त एका सभेचा ठराव लागतो. आणि २०२६-२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, इथे रामकुंडावर लाखो लोक उतरणार, आणि गुरू सिंहेत गेला की तिकडे राजमहेंद्रीला गोदावरी पुष्करम म्हणून लोक याच नदीत स्नानाला येतात, म्हणजे नदीच्या दोन्ही टोकांना माणसं तेच पाणी डोक्यावर घेणार.

ठराव झाला. खरं तर शेवटी मतं वळली ती पैशाच्या मुद्द्यावर, कारण इंजिनीअरने दाखवलं की अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातली आल्कलिनिटी (आम्लाला तोंड द्यायची ताकद) खर्च होते, पीएच पडतो म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं, मग चुना किंवा सोडा टाकावा लागतो, आणि अ‍ॅनॉक्सिक टाकीत त्यातली जवळपास अर्धी आल्कलिनिटी परत मिळते, शिवाय नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरला गेल्यामुळे ब्लोअरवरचा लोडही थोडा उतरतो. ज्यांना समुद्राचं पटलं नाही त्यांना चुन्याचं पटलं, मला दोन्ही चालतं.

दर म्हणाल तर दोन ऑपरेटर, इंजिनीअरची आठवड्याची व्हिजिट, केमिकल, लॅब टेस्ट धरून महिन्याचे ४५ हजार, लाइट बिल वेगळं, म्हणजे फ्लॅटमागे अडीचशेच्या आत. आधीच्यापेक्षा महाग आहे. पण उन्हाळ्यात बाग आणि फ्लशला मिळून आता टँकर फार कमी लागतो, आणि मुलं संध्याकाळी परत लॉनवर खेळतात.

खटकणाऱ्या गोष्टी दोन. एक म्हणजे दादा सुट्टीवर गेला की बदली माणूस येतो त्याला फारसं येत नाही, सिलिंडरचा फोटो येतो पण त्यातलं काही बिघडलं तर त्याला कळत नाही, एजन्सीने यावर नीट उत्तर अजून दिलेलं नाही. दुसरी जास्त गंभीर. फिल्टर प्रेसमधून (गाळ दाबून पाणी काढायचं मशीन) निघणारा गाळ ते पोत्यात भरून नेतात, शेतकऱ्यांना खत म्हणून देतो सांगतात, पण कोणाला, किती, वाळवून दिला की ओलाच, काही कागद नाही. ओल्या गाळात जंतू आणि जंतांची अंडी असतात, तो तसाच भाजीच्या वाफ्यात गेला किंवा नाल्याकाठी टाकला तर वर्षभर केलेलं सगळं पाण्यात. म्हणून नवीन करारात आम्ही लिहून घेतोय की गाळ आमच्याच आवारात वाळवायचा, पोती मोजून द्यायची आणि घेणाऱ्याची सही असलेली पावती महिन्याच्या बिलाला जोडायची, पावती नसेल तर ते बिल पास होणार नाही. ते मसुदा घेऊन गेलेत, सही व्हायची आहे.